अकरा दिवसांची नेपाळ यात्रा: भाविकाला सात गुण, देव न मानणाऱ्याला पाच

दिवाळी महिन्यावर आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात यात्रा कंपन्यांची पत्रकं वर्तमानपत्रातून घरात पडायला लागतात. काशी-अयोध्येच्या खालोखाल नंबर नेपाळचा. 'लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मनकामना, पशुपतिनाथ. १० रात्री, ११ दिवस. मराठी जेवण, सोबत आचारी.' कंपनी कुठलीही असो, कार्यक्रमाचा साचा तोच. हे परीक्षणही त्या साच्याचं आहे, एका कुठल्या कंपनीचं नाही.

गटात साधारण तीन प्रकारची माणसं असतात. मुक्तिनाथाच्या धारा डोक्यावर घ्यायच्याच असं ठरवून आलेल्या आजी, हिमालयाचे फोटो काढायला आलेला त्यांचा मुलगा, आणि 'देव वगैरे मी मानत नाही, आजीची पिशवी धरायला आलेय' म्हणणारी नात. कार्यक्रम आखलेला असतो तो आजींसाठी, आणि त्यांच्यापुरता बरा आखलेला असतो. चूक होते ती नातीच्या बाबतीत. ज्या देशात जगभरची श्रद्धावान आणि अश्रद्ध माणसं गेली साठ वर्षं रांगा लावून येताहेत, तिथं तिच्या वाट्याला रुद्राक्षाचं दुकान येतं.

आधी कागद, कारण सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते ६५ वर्षांच्या वर आणि १५ च्या आत, वय पटवायला. मधल्या वयाच्या माणसानं बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दिल्लीपर्यंतचं विमान आधारवर गाठलं तरी काठमांडूच्या काउंटरवर त्याला परत पाठवतात. पंधरा ते अठराच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडच्या मतदार ओळखपत्रावर मजकूर कन्नड आणि इंग्रजीत असतो, तो चालतो. नाव मात्र तिकिटाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. बापाचं नाव मध्ये घालायचं की नाही, आडनाव आधी की नंतर, यात आपली माणसं नेहमी गोंधळतात.

स्वस्तातला कार्यक्रम रेल्वेनं गोरखपूरपर्यंत नेतो. तिथून सोनौलीची सरहद्द शंभरेक किलोमीटर, अडीच-तीन तास. पलीकडं नेपाळी बस असेल तर उत्तम. इथूनच आणलेली आपली बस असेल तर तिला नेपाळी जकातीचा परवाना काढावा लागतो, त्याला 'भन्सार' म्हणतात. त्या खिडकीसमोर तास-दोन तास जातात, आणि घाटरस्त्यावर आपला चालक नवखा ठरतो. पैसे भरण्याआधी 'सरहद्दीपलीकडं बस कुणाची?' एवढं विचाराच.

भन्सारमध्ये गेलेला वेळ कंपनी लुंबिनीतून कापते. पत्रकातल्या 'लुंबिनी दर्शन'चा अर्थ दुपारच्या उन्हात दीड तास. मायादेवी मंदिरात जन्मस्थानाचा दगड काचेखाली दिसतो, फोटोला बंदी. बाहेर अशोकाचा स्तंभ, ख्रिस्तपूर्व २४९ चा. राजा स्वतः इथं आला, शाक्यमुनी बुद्ध इथं जन्मले म्हणून गावाचा कर माफ करून पिकाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यावर ब्राह्मीत कोरलंय. एखाद्या धर्मस्थळी शेतसाऱ्याचा हिशेब वाचायला मिळतो हे नातीला कुणीतरी सांगायला हवं. वाटाड्या सांगतो ते एवढंच की 'बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार'. निपाणी-चिक्कोडीकडच्या बौद्ध मंडळींना हे वाक्य ऐकून काय वाटत असेल याचा विचार कंपनीनं केलेला नसतो. बाबासाहेबांनी १९२५ साली निपाणीत परिषद घेतली, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये, निर्वाणाच्या दोन-अडीच आठवडे आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केलं. हा धागा जोडून दाखवणारा वाटाड्या मिळाला तर यात्रेचे दोन गुण तिथंच वाढतील. मुक्काम लुंबिनीतच मागून घ्या. सकाळी सहाला बाग मोकळी असते, आणि वेगवेगळ्या देशांनी बांधलेले विहार बॅटरीच्या रिक्षानं दोन तासांत बघून होतात. पायमोजे जवळ ठेवा, दुपारी फरशी तापते.

आता मुक्तिनाथ. आजींचा सगळा जीव इथं असतो आणि सगळ्यात जास्त गडबडही इथंच होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पोखरा आठशेच्या आसपास. म्हणजे पोखऱ्यापर्यंत शरीराला काही फरक जाणवत नाही. तिथून छोट्या विमानानं वीस मिनिटांत जोमसोम, २,७०० मीटर. लगेच जीपनं राणीपौवा आणि तिथून चालत मंदिर, सुमारे ३,७०० मीटर. न्याहारीपासून दुपारपर्यंत माणूस जवळजवळ तीन हजार मीटर वर चढतो. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं हा विरळ हवेचा त्रास आहे. पित्त समजून त्यावर लिंबू-सोडा पाजत बसू नका. यावर डॉक्टर अॅसेटाझोलामाइड देतात, बहुतेक १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. गोळी गटात वाटून घेण्याची नाही, घरून निघताना आपल्या डॉक्टरला विचारून घेण्याची आहे. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ८५-९० दिसला तर त्या उंचीवर घाबरू नये. पण माणूस बसल्या जागी धापा टाकत असेल, तोल जात असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर दर्शन राहू दे, जीप खाली वळवा. उपाय खाली उतरणं हाच. मुक्काम राणीपौव्यात नको, जोमसोम किंवा मार्फा बरं, हजारएक मीटर खाली.

विमानाची गंमत अशी की काली गंडकीच्या दरीत सकाळी दहा-अकरानंतर वारं सुटतं, म्हणून जोमसोमची उड्डाणं फक्त सकाळी. ढग आले की रद्द. एक दिवस हातात राखलेला नसेल तर मुक्तिनाथ गेलं, आणि कराराच्या बारीक अक्षरांत 'हवामानामुळे रद्द झाल्यास परतावा नाही' असं असतंच. सामान माणशी दहा किलोंच्या आसपास. मे २०२२ मध्ये याच मार्गावर विमान कोसळून २२ जण गेले, त्यामुळं 'सकाळी ढग आहेत, नको' असं वैमानिक म्हणाला तर वाटाड्याशी हुज्जत घालू नका. दुसरी वाट बेनी-तातोपानी-मार्फा, जीपनं आठ ते दहा तास, रस्ता अंग खिळखिळं करणारा. पण उंची हळूहळू वाढते, आणि वाटेत तातोपानीला गरम पाण्याचं कुंड आहे. गुडघे धड असतील तर जाताना जीप, येताना विमान. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांत मिळतो, म्हणजे आपले ६२५, सोबत फोटो लागतो. हा खर्च, जोमसोमचं विमान आणि वरची जीप पत्रकातल्या रकमेत आहेत का ते बघा. बहुतेक नसतात.

राणीपौव्यापासून मंदिरापर्यंत अर्धा तास पायऱ्या, घोडे मिळतात. मंदिरामागं अर्धवर्तुळात १०८ गोमुखं आणि पुढं दोन कुंडं. पाणी बर्फाचं. भाविक ओलेत्यानं धारांखालून पळत जातात आणि मग कुंडात बुडी मारतात. पडझड होते ती पळताना: फरशी ओली, पायात रबरी चपला. आणि ओल्या कपड्यांत वाऱ्याला पाच मिनिटं उभं राहिलं की सत्तरीतल्या माणसाचे दात वाजायला लागतात. म्हणून एक माणूस कोरडे कपडे, टॉवेल आणि कानटोपी घेऊन शेवटच्या गोमुखापाशी उभा पाहिजे. नातीचं काम ते. रक्तदाबवाल्यांनी प्रत्येक धारेचं पाणी ओंजळीत घेऊन डोक्याला लावावं. तिथं कुणी हिशेब मागत नाही.

वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांत मोजलं जाणारं हे देऊळ सांभाळण्यात बौद्ध भिक्षुणींचा मोठा हात आहे. बौद्धांसाठी हेच ठिकाण 'चुमिग ग्यात्सा', शंभरावर पाण्यांची जागा. जवळच ज्वालामाईचं छोटं मंदिर, तिथं चौथऱ्याखाली जाळीआड जमिनीतल्या वायूची निळसर ज्योत जळते, शेजारून पाण्याचा आवाज. गुडघ्यावर वाकल्याशिवाय दिसत नाही. बोटभरच आहे, आणि निम्मे गट 'वेळ झाला' म्हणून तिच्याकडं न वळता खाली उतरतात. देव न मानणाऱ्यानं मुख्य गाभाऱ्याची रांग सोडली तरी हे सोडू नये.

शाळीग्राम हा खरेदीतला मुख्य विषय. काली गंडकीच्या पात्रात सापडणारा काळा गोटा, फोडला की आत चक्र. हा अमोनाइटचा जीवाश्म. हिमालय वर येण्याआधी इथं टेथिस समुद्र होता, त्यातला शंखासारख्या कवचाचा प्राणी, आपल्याकडं कारवार-मालवणहून येणाऱ्या माकुळाचा लांबचा नातेवाईक. वय दहा कोटी वर्षांच्या पुढं. पोथीतली गोष्ट सांगते की वज्रकीट नावाच्या किड्यानं दगड कोरून चक्र केलं. म्हणजे दगडात जीव होता हे आपल्या माणसांनीही ओळखलं होतं, फक्त कोण कुणाच्या आत राहत होता ते उलटं झालं. आजी आणि नात एकाच गोट्यावर वाकून बघतात असा यात्रेतला हा बहुधा एकमेव क्षण, आणि त्याला वाटाड्या दहा मिनिटं देतो. घेताना दोन गोष्टी बघा. चक्राच्या कड्या खऱ्या असतील तर मध्याकडं जाताना सारख्या प्रमाणात बारीक होतात आणि त्यांवर आडव्या धारा असतात, छिन्नीनं कोरलेल्याचा तळ गुळगुळीत आणि खोली सगळीकडं एक. दुसरं, दोन तुकडे राळेनं चिकटवलेले असतील तर सांध्यावर नख फिरवलं की लागतं. पावती घ्या, विमानतळावर विचारतात. रुद्राक्षाचंही असंच. पाचमुखी ढिगानं मिळतात आणि स्वस्त असतात, 'गोल एकमुखी' म्हणून हजारोंनी विकला जातो तो बहुतेक कोरलेला. पाण्यात बुडाला म्हणजे खरा, ही दुकानदाराची परीक्षा कुचकामी आहे, लाकडाचा कोरलेला मणीही जड असला की बुडतो.

जेवण हा या यात्रांचा सगळ्यात जमलेला भाग, तिथं पूर्ण गुण. आचारी सोबत, पोळी-भाजी, पिठलं, दुसऱ्या दिवशी कुंद्याचा डबा निघतो. पण वर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यात डाळ शिजतच नाही, कुकर नेलाय का विचारा. आणि एक जेवण तरी मार्फा-जोमसोमकडं थकाली, म्हणजे तिथल्या स्थानिक समाजाच्या, खानावळीत घ्या: भात, काळी डाळ, साग, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, सगळं पुन्हा पुन्हा वाढतात. फाफराच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचा ढिंडो मिळाला तर नाचणीच्या 'मुद्दे'वर, म्हणजे उकडीच्या गोळ्यावर, वाढलेल्या माणसाला परका वाटणार नाही.

परतीच्या वाटेवर मनकामना देवी. कुरिनटारहून केबल कार, २.८ किलोमीटर, दहा मिनिटं. तिथं बकऱ्याचं तिकीट एकेरी मिळतं. चिंचलीच्या मायाक्काची जत्रा बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. रांग सुट्टीत तीन-चार तासांची होते, आणि त्या तासांत काठमांडूचा एक अख्खा अर्धा दिवस बसतो. गटात नवस असलेलं कुणी नसेल तर हे गाळायला सांगा. पावसाळ्यात या त्रिशूलीकाठच्या रस्त्यावर जाऊच नये. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरड कोसळून दोन बसगाड्या नदीत गेल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. शाळेच्या सुट्टीमुळं आपण एप्रिल-मे धरतो, पण तेव्हा वणव्यांच्या धुरानं पोखऱ्याहून डोंगर दिसतीलच असं नाही.

पशुपतिनाथाला आपल्या भागाशी एक नातं आहे, पत्रकात ते कधीच नसतं. तिथले मुख्य पुजारी, मूळ भट्ट, परंपरेनं दक्षिणेतले, कर्नाटकातले असतात. गाभाऱ्यात लिंगाला स्पर्श करायचा अधिकार त्यांचा. नेपाळी पुजारी नेमण्याचा प्रयत्न २००८-०९ मध्ये झाला, त्यावरून मोठा वाद होऊन तो मागं घ्यावा लागला. आत चामड्याचा पट्टा-पाकीट नाही, फोटो नाही. 'केवळ हिंदूंना प्रवेश' असा फलक आहे. देव मानता का असं दारावर कुणी विचारत नाही, हिंदू आहात ना एवढंच बघतात, त्यामुळं नातीला आत जाता येतं आणि आजींसोबत पशुपतीचा जप करत आलेल्या एखाद्या ख्रिश्चन शेजारीणबाईंना नाही. असं कुणी गटात असेल तर आधी सांगणं कंपनीचं काम आहे, दारात मान खाली घालायला लावणं बरं नव्हे. त्यांनी बागमतीच्या पूर्व काठावर जावं. तिथून देऊळ, आर्यघाटावरच्या चिता आणि संध्याकाळची आरती तिन्ही दिसतं. चितांचे फोटो काढू नका. परदेशी लोक काढतात म्हणून आपणही काढायचे असं नाही.

बौद्धनाथाला कार्यक्रमात ४५ मिनिटं, तीही दुपारी. ही या साच्यातली सगळ्यात मोठी चूक. हा स्तूप बघायचा संध्याकाळी पाचनंतर. १९५९ नंतर तिबेटहून आलेली माणसं इथं वसली, आणि दिवस कलला की म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, लाल वस्त्रातले लामा, पाठीवर पिशव्या लावलेले युरोपीय, सगळे उजवी घालून फिरायला लागतात. फिरणाऱ्यात जप करणारे असतात, भाजीची पिशवी घेऊन गप्पा मारणारे असतात, नुसते पाय मोकळे करणारेही. उत्तरेच्या टेकडीवर कोपन मठ आहे. तिथं दर नोव्हेंबरात बौद्ध ध्यानाचा महिनाभराचा वर्ग भरतो आणि त्यात येणाऱ्यांपैकी बरेच जण कुठल्याच देवाला मानत नाहीत. त्यांच्या आधीची हिप्पी पिढी काठमांडूतल्या झोंछेंच्या 'फ्रीक स्ट्रीट'वर यायची, गांजा-चरसची दुकानं उघडी होती म्हणून. १९७३ मध्ये ती बंद झाली तरी माणसं येतच राहिली. इगतपुरी ठाऊक असणाऱ्यांसाठी: बुढानीलकंठला विपश्यनेचं केंद्रही आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, मात्र यात्रेला जोडून होणार नाही, वेगळी नोंदणी करावी लागते.

काठमांडूला लागून असलेलं पाटण बहुतेक पत्रकांत नसतंच. श्रावणात घरोघर नवनाथांची पोथी लावणाऱ्या आपल्या भागातली माणसं मच्छिंद्रनाथाच्या गावापर्यंत जातात आणि त्याला न भेटता परत येतात! तिथला रातो मच्छिंद्रनाथ लाल रंगाचा, पावसाचा देव. वैशाखाच्या सुमारास त्याचा वेताच्या उंच शिखराचा रथ पाटणच्या गल्ल्यांतून ओढतात, वर्षातला काही काळ तो बुंगमतीत राहतो. हिंदू त्याला मच्छिंद्र म्हणतात, तिथल्या नेवार समाजातले बौद्ध करुणामय लोकेश्वर, आणि पुजारी बौद्ध. काठमांडूतली कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानली जाणारी मुलगी, हीही अशीच: शाक्य कुळातली बौद्ध घरची मुलगी, तिच्यात हिंदू तलेजू देवी बघतात, आणि पाळी आली की ती पुन्हा साधी मुलगी होते. या मुलीच्या शिक्षणाचं, बालपणाचं काय, हा प्रश्न नेपाळातही विचारला जातो आणि नातही विचारणार. उत्तर टाळणारा वाटाड्या नको. पाटणच्या दरबार चौकातलं संग्रहालय दोन तासांत होतं. मूर्तीच्या हातांच्या मुद्रा कशा ओळखायच्या ते तिथं बघून मग देवळांत गेलं की श्रद्धा असो-नसो, डोळ्यांना काम मिळतं.

पैशांचं थोडक्यात. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, दर ठरलेला. दुकानदार भाव सांगतो तेव्हा 'आयसी की एनसी?' विचारा, आयसी म्हणजे आपले, एनसी त्यांचे. न विचारता दिलेले ८०० कधी कधी ५०० च द्यायचे असतात. शंभरापर्यंतच्या नोटा बिनघोर चालतात, मोठ्या नोटांचा नियम बदलत असतो, निघण्याच्या आठवड्यात विचारून घ्या. मार्च २०२४ पासून यूपीआयनं तिथले क्यूआर चालतात. ते ज्या जाळ्यावर चालतात त्याचं नावही 'फोनपे' आहे, आपल्या फोनपेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळं फलक बघून गोंधळू नका. जोमसोमच्या वर सिग्नलचा भरवसा नाही, रोकड ठेवा. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा. 'आपल्या' साडेसातला उठणारा माणूस बसला उशिरा पोचतो.

पैसे भरताना कंपनीकडून इतकं लिहून घ्या: सरहद्दीपलीकडं नेपाळी बस, लुंबिनीत एक मुक्काम, जोमसोमसाठी एक राखीव दिवस, मनकामना ऐच्छिक, बौद्धनाथ संध्याकाळी, पाटणला अर्धा दिवस, आणि दुकानापुढं गाडी थांबली तर आत जाण्याची सक्ती नाही. पंचवीस जणांच्या गटातल्या आठ-दहा जणांनी एकत्र मागितलं तर हे बदल होतात. एकट्यानं मागितलं तर 'बघू' म्हणतात.